एका वेळी एकच चूक

मास्तर,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मी आत गेलो नाही. फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहून ऐकलं. कमिटीच्या अध्यक्षांनी ठराव वाचला, आधी मराठीतून आणि मग इंग्रजीतून, कारण इंग्रजी प्रत वर पाठवायची होती. मराठीत तुम्ही कैलासवासी झालात. इंग्रजीत 'ही पास्ड अवे पीसफुली' असं झालं.

तुम्ही असतात तर त्या 'अवे'खाली खडूने रेघ ओढली असती. "रन अवे, गेट अवे, पास अवे. पोट्टेहो, शेपूट पाहा. शेपूट तीच, जनावर वेगळं." आणि अध्यक्षांना खाली बसवून पुढच्या पोराला उभं केलं असतं.

'अवे'चं जाऊ द्या. 'पीसफुली'बद्दल मला बोलायचं आहे. तुरुंगातून तुम्ही पोटात आव घेऊन आलात आणि ती शेवटपर्यंत हटली नाही. तुमची धोतरं गिरजाकाकू धुवायची. ती तुमची कोण? पद्मतीर्थ तळ्याच्या अंगाला तिचा भाजीचा मळा, आणि तुम्ही तिचे बाजारातले गिऱ्हाईक, एवढंच नातं. ग्लानीत तुम्हाला वर्ग दिसायचा. भिंतीकडे बोट करून विचारायचात, "पास्ट पार्टिसिपल?" भिंत बोलायची नाही. तुम्ही रागवायचात. पुन्हा विचारायचात. याला पीसफुली म्हणायचं असेल तर लाठीला पाठीवरून फिरवलेला हात म्हणावं लागेल.

ज्यांनी तुम्हाला कामावरून काढलं त्यांनीच काल तुमच्या तसबिरीला झेंडूचा हार घातला. शिक्षा झालेला मास्तर ठेवला तर सरकारी ग्रँट बंद होईल, म्हणून काढलं. मेलेल्या मास्तरमुळे ग्रँट बंद होत नाही, म्हणून हार घातला. सरळ हिशोब आहे. मला त्यांचा राग आहे, पण तो माझ्या नेहमीच्या खात्यातला राग आहे, पत्रकात मावणारा. तुमच्यावरचा राग मावत नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. मला दोनच सूर येतात हे तुम्हीच म्हणायचात: 'धिक्कार असो' आणि 'बंधूंनो जागे व्हा'. मी शिरपूरकडून वाशीमला पायी येऊन रात्री छापलेलं पत्रक सकाळी तुमच्या ओट्यावर आणून द्यायचो. तुम्ही चष्मा लावून वाचायचात, आणि एका शब्दाला गोल करून परत द्यायचात. फक्त एका. एकदा मी 'जुलुम' लिहिलं होतं. तुम्ही 'लु'ला गोल केलात आणि म्हणालात, "दीर्घ. सरकारने जुलूम केला तो केला, तू तरी त्याचं शुद्धलेखन बरोबर ठेव." त्याच पत्रकात आणखी ढीगभर चुका होत्या. मला पुढे दिसल्या. तुम्हाला तेव्हाच दिसल्या होत्या.

"मग सांगितल्या काहून नाही?" मी विचारलं.

"एका वेळी एकच चूक, किसन. दोन सांगितल्या की पोट्टं बावरतं आणि दोन्ही विसरतं. एक सांगायची, ती त्याने सुधारली की मग दुसरी."

हा नियम तुम्ही जन्मभर पाळलात. वहीतही लाल गोल एकच असायचा. कमी शिकलेल्या बापांना वाटायचं, मास्तर आळशी आहेत, सगळं तपासत नाहीत. तुम्ही आळशी नव्हता. तुम्ही हट्टी होता, आणि तो हट्ट तुम्हाला नडला. तेच सांगायचं आहे, पण आधी मैदान.

इंग्रजी चौथीत होतो आम्ही. पळण्याची क्रियापदं आली होती. रन अवे, रन ऑफ, रन आफ्टर, रन डाऊन, डॅश आऊट, मेक ऑफ. आम्ही घोकत होतो आणि गोंधळत होतो. 'ही रॅन आऊट ऑफ सॉल्ट' याचा अर्थ एकाने 'तो मिठातून बाहेर पळाला' असा केला, तेव्हा तुम्ही हसता हसता खुर्चीवर बसलात. मग पुस्तक मिटलं आणि सगळा वर्ग बाहेर काढला.

"मी वाघ," तुम्ही म्हणालात. "रन अवे!"

आम्ही लिंबापर्यंत पळालो.

"आता मी चोर. रन आफ्टर मी!" आणि धोतराचा सोगा मुठीत धरून तुम्ही जे सुटलात! हेडमास्तर खिडकीत आले. तुमची टोपी पडली. आम्ही ओरडत मागे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इंग्रजी ही भाषा आहे, नाहीतर तोवर तो एक रोग होता, हुशार पोरांना होणारा. 'रन इनटू'ला मी आणि वसंता एकमेकांवर आदळलो आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. तुम्ही उपरण्याने पुसत त्याला म्हणालात, "आता हा शब्द तू विसरून दाखव."

वसंता म्हणजे वर्गात पहिला येणारा. तुमची स्वतःची डिक्शनरी तुम्ही त्याला देऊन टाकली होती. मला नाही. मला ते तेव्हाही झोंबलं होतं आणि आजही झोंबतं, हे लिहून टाकतो.

शेवटी तुम्ही मैदानाच्या मधोमध उभे राहिलात. "वसंता, रन टू मी." तो धावत आला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात टाकलात. "किसन, रन अ‍ॅट मी."

मी हललो नाही. "म्हंजे काय, मास्तर?"

"म्हणजे माझ्या अंगावर ये. मारायले."

"तुमच्या अंगावर कसा येऊ?"

पोट्टे फिदीफिदी हसले. तुम्ही हसला नाहीत. "हसू नका बे. याले समजलं. रन तेच, मैदान तेच. टू म्हणजे भेटायला, अ‍ॅट म्हणजे मारायला. वसंता, मराठीत काय म्हणशील?"

"टूला, धावून गेला."

"अ‍ॅटला?"

"धावून गेला."

"आणि कोणी नदीत पडलं, त्याच्यासाठी गेला तर?"

वसंता हळूच म्हणाला, "धावून गेला."

सगळा वर्ग हसला. तुम्ही मात्र खूश झालात, जणू त्याने हिरा काढून दिला. "पाहा. आपल्याकडे क्रियापदाकडे बघून काही कळत नाही. कोणाकडे, कोणावर, कोणासाठी, ते आधी पाहावं लागतं. इंग्रजीत शेपूट पाहावी लागते. जो हे विसरला त्याचं भाषांतर एखाद्याचा जीव घेईल."

तुम्ही हे गमतीने म्हणालात. मी शपथेवर सांगतो, वसंता तिथेच होता, तुमचा हात त्याच्या खांद्यावर होता.

मॅट्रिकच्या वर्षी मी शाळा सोडली. बाजारात परदेशी कापडाची होळी झाली, तिच्यात मी इंग्रजीचं व्याकरण टाकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गाठलंत. मला वाटलं, आता कान धराल.

"पुस्तक जाळलंस, ठीक. 'रन' कसं जाळशील?"

मी तयारीत होतो. "ज्या भाषेत पळायला इतके शब्द लागतात ती पळपुट्यांची भाषा आहे, मास्तर."

"असं? आणि पळापळ, पोबारा, धूम, पसार, फरार, सुंबाल्या? हे कोणत्या विलायतेतून आलं?" मग अगदी गावच्या बोलीत, डोळे बारीक करून: "पोलीस आले की तू कोणत्या भाषेत पयशीन बे?"

मी म्हटलं, मी पळणार नाही. तुम्ही म्हणालात, "पयायचं. पोट्ट्यायनं पयायचं असते. उभं राह्यला आम्ही आहो."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. मला ते भित्रं वाटलं. माझ्या एका पत्रकात मी शाळामास्तरांना 'सरकारी खुंटीचे कोट' म्हटलं होतं आणि तुम्हाला वाचायला दिलं होतं. तुम्ही 'खुंटी'च्या अनुस्वाराच्या रिकाम्या जागेला गोल केलात. छापताना तो उडाला होता.

तुम्हाला पकडलं त्या बाजाराच्या दिवशी मी वाशीममध्ये नव्हतो. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर सभा होती. जे घडलं ते मला गिरजाकाकूने सांगितलं, आणि तिने जसं सांगितलं तसंच लिहितो, कारण पुढे कोर्टात तिला हे पूर्ण सांगू दिलं नाही.

"पोट्टे झेंडा घेऊन आले न बाप्पा, गाणे म्हणत. मधात सायबाचं घोडं. सायेब काय तं बोलला, शिपायायनं काठ्या उचलल्या. पोट्टे पयाले. कोणी माह्या मेथीवरून गेलं, कोणी वांग्यायवरून. मास्तर तठीच होते, वांगे घेऊन राह्यले होते. पिशवी हातात, छत्री काखेत. मले म्हणे, गिरजाबाई, हे धरा जरा. म्या हात पुढं केला, तं मास्तर गेले बी! पिशवी संगंच घेऊन गेले. सायबापाशी गेले, घोड्यासमोर. हात जोडाले गेले तं पिशवी पडली, छत्री पडली. इंग्रजीत बोलून राह्यले होते. मले काय समजते? पण हात जोडेल होते, ते तं आंधळ्यालेबी दिसते. सायबानं घोडं वयवलं न काठी हाणली. माहे वांगे घोड्याखाली गेले."

तुम्ही इंग्रजीत काय बोललात ते तुम्हीच मला पुढे सांगितलंत. 'दे आर रनिंग अवे, सर. लेट देम रन अवे.' मुलं पळूनच चालली आहेत, पळू द्या. गोऱ्या पोलीस साहेबाला अडवण्यासाठी तुम्ही जगातलं सगळ्यात साधं वाक्य निवडलंत, चौथीतलं. तुम्हाला पकडलं, आणि आरोप ठेवला की तुम्ही छत्री घेऊन साहेबाच्या अंगावर गेलात.

कोर्टात टेबलावर ती छत्री ठेवली होती. तिची एक काडी आधीपासूनच बाहेर आलेली. तुम्ही पिंजऱ्यात. मॅजिस्ट्रेट साहेबाला मराठी येत नव्हतं. दुभाषी म्हणून वसंता उभा होता, काळ्या कोटात. मला बरं वाटलं. खरं सांगतो. गर्दीत मागे उभा असलेल्या मला वाटलं, चला, आपला माणूस आहे. याला 'टू' आणि 'अ‍ॅट' कळतं. याच्या नाकातून रक्त काढून आपण इंग्रजी शिकलो आहोत.

गिरजाकाकू तुमच्या बाजूची साक्षीदार. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती उभी राहिली आणि एवढंच बोलली, सरळ मॅजिस्ट्रेटकडे बघत:

"मास्तर पोट्ट्यायसाठी धावून गेले. सायबापाशी गेले, हात जोडले."

वसंताने तिच्याकडे पाहिलं नाही. तुमच्याकडेही नाही. टेबलावरच्या छत्रीकडे बघत तो म्हणाला, "ही हॅड रॅन अ‍ॅट द साहेब."

पोट्टे गायब. जोडलेले हात गायब. उरला एक 'अ‍ॅट'.

मी ओरडणार तोवर पिंजऱ्यातून तुमचा आवाज आला. तोच, वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हॅड रन!"

सगळं कोर्ट वळलं.

"हॅड रन, वसंता. रॅन नाही. पास्ट पार्टिसिपल."

वकील मंडळी हसली. मॅजिस्ट्रेटही हसला. मग त्याने पेन उचललं आणि इंग्रजीत म्हणाला, म्हणजे आरोपीला हे विधान, दुरुस्तीसह, मान्य आहे तर. आणि लिहून घेतलं. तुम्ही कठड्याला धरून पुढे वाकलात. "नो, सर. नाऊ द प्रिपोझिशन..."

"चूप!" मॅजिस्ट्रेट म्हणाला. मराठीतला हा एवढा शब्द त्याला येत होता.

मी ओरडलो. "अ‍ॅट नाही, टू! टू!" दोन शिपायांनी मला मानेला धरून बाहेर काढलं. दारातून मला गिरजाकाकूचा आवाज ऐकू येत होता: "काय झालं? काहून हसून राह्यले? म्या काही वावगं सांगतलं काय?" याचं भाषांतर कोणी केलं नाही.

मास्तर, मी तुमच्या मरणावर शांतपणे लिहावं असं लोक म्हणतात. आमच्या चळवळीच्या कचेरीतले सुद्धा म्हणतात, जरा सौम्य लिही, वृद्ध गृहस्थ होते. कसा लिहू? माणसाला बुडवत होते आणि तो बुडवणाऱ्याचं व्याकरण सुधारत होता!

तुम्ही सुटून आलात तेव्हा ओळखू येत नव्हता. मी रोज यायचो. रोज भांडायचो. आजाऱ्याशी भांडू नये एवढी अक्कल मला आहे, पण तुम्हीच चिडवायचात. मी दारात दिसलो की म्हणायचात, "आले धिक्कार असो."

"त्याने मुद्दाम केलं, मास्तर."

"घाबरला होता तो."

"मुद्दाम केलं. त्याला मैदान आठवत नव्हतं का?"

"तूच विचार कर. वसंता 'हॅड रॅन' म्हणेल? चौथीपासून त्याने एक पार्टिसिपल चुकवला नाही. तो चुकला म्हणजे घाबरला होता. घाबरलेलं पोरगं चुकतं. आणि चूक आहे तर ती सुधारता येते."

"मग आधी 'अ‍ॅट' काहून नाही सुधारला? 'रॅन'ने तुमचं काय बिघडत होतं?"

तुम्ही पांघरुणाची किनार चाचपलीत. "वाक्यात 'रॅन' आधी आला," तुम्ही म्हणालात. "जी आधी आली ती आधी. ती त्याने सुधारली असती की मी दुसरी सांगणार होतो."

"मास्तर, तो वर्ग नव्हता!"

"वसंता समोर उभा होता ना," तुम्ही म्हणालात. "वसंता समोर असला की मला वर्गच वाटतो."

मी उठून बाहेर आलो. ओट्यावर गिरजाकाकू मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "कायले बोलतं त्यायले? त्यायच्या पोटात पेजबी राहत नाही." मी म्हटलं, काकू, यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला आत टाकलं. ती म्हणाली, "हो. न तू आता त्यायले बाहीर काहाडून राह्यला काय, बोंबलून बोंबलून?"

तुम्ही त्याची वाट पाहत होता. मला ते बघवत नव्हतं. दारावर सावली पडली की मान वळायची. "वसंता येईल," म्हणायचात. "त्याची एक चूक राहिली आहे सांगायची." कोर्टापासून तुमचं घर किती लांब? हाक मारली तर ऐकू जावी इतकं. तो आला नाही. मी तुम्हाला म्हटलं, येणार नाही तो, त्याला माहीत आहे त्याने काय केलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या पत्रकात माणूस एकतर देशभक्त असतो नाहीतर गद्दार. मधे चुकणारे पण असतात बे, किसन. सगळे तेच असतात."

हा आपला शेवटचा वाद. तुम्ही म्हणालात चूक, मी म्हणालो खोटं. निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात. गेट अप अँड गो. हेही तुम्हीच शिकवलेलं.

तुम्हाला नेलं तेव्हा माणसं थोडी होती. शाळेने सुट्टी दिली नाही, पोट्टे कुंपणावरून बघत होते. तुमच्या पुतण्याने अग्नी दिला. बायका मसणात जात नाहीत, पण गिरजाकाकू आली. कोणी अडवायला गेलं तर म्हणाली, "धोतर धुवाले मी चालत होती न? मंग?" लोकांनी वाट दिली.

चितेने पेट घेतला होता आणि वसंता आला. धावत आला, मास्तर. बोडका, कोट हातात, धापा टाकत. सगळ्यांनी पाहिलं. तुमची सगळी क्रियापदं संपल्यावर तो धावत आला. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी बाजूला सरकलो, तो पुन्हा शेजारी आला.

"किसन," तो म्हणाला. "मास्तर माह्याबद्दल काही बोलले काय?"

"चूक म्हणत होते. घाबरून चुकला म्हणत होते."

त्याने मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिला. मग चितेकडे बघून बोलला, माझ्याशी नव्हेच जणू. "आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं मले, साक्ष सायबाच्या बाजूनं उतरली पायजे, नाही तं घरी बस. म्या रातभर मनात वाक्य घोकलं. 'अ‍ॅट' म्या घोकला होता, किसन. कोर्टात तोंड उघडलं न जीभ थरथरली, म्हून 'रॅन' निंघालं तोंडातून." मग माझ्याकडे वळला. "'रॅन' माही चूक होती. 'अ‍ॅट' नाही."

एवढं ऐकलं आणि मी त्याच्यावर धावून गेलो.

मधलं काही आठवत नाही. तो खाली होता, त्याच्या नाकातून रक्त येत होतं, आणि तो हात वर करत नव्हता. लोकांनी मला ओढलं. गिरजाकाकू दोघांच्या मध्ये आली. तिने मला जोराने मागे ढकललं. "काहून अंगावर जातं त्याच्या? मास्तर जयून राह्यले तठी, न तू मारामारी करतं? हेच शिकवलं काय त्यायनं तुले?"

हो, मास्तर. हेच शिकवलं होतं. मैदानात तुम्ही मला सांगितलं होतं, रन अ‍ॅट मी, आणि मी जागचा हललो नव्हतो. तुमच्याच मसणात हललो. आता मला 'अ‍ॅट' पाय, हात, दात सगळ्याने पाठ आहे.

गिरजाकाकूने वसंताला उठवलं. पदराने त्याचं नाक पुसलं. तुम्ही पुसलं होतं तसंच. मला ते बघून त्याच्याहून जास्त तुमचा राग आला. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतं, आणि वर मला म्हणाला असतात, आधी त्याची चूक सुधारली ना, आता दुसरी सांगू.

पण दुसरी चूक नव्हतीच. तुमचा सगळा धंदा चुकांचा. चूक दिसली की तुम्हाला माणूस वाचवावासा वाटायचा. ज्याने ठरवून, घोकून, शुद्ध केलं, त्याच्यासाठी तुमच्याकडे लाल शाई नव्हती. मला तुम्ही पळायला शिकवलंत, उभं राहायला शिकवलंत, जुलूम दीर्घ लिहायला शिकवलंत. माझ्या हातात आज जे काही आहे ते तुमच्या ओट्यावरचं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण जगात खोटं असतं, ते तुम्ही शिकवलं नाहीत, कारण ते तुम्हाला येत नव्हतं.

आपला वाद मी जिंकलो आहे. सांगायला कोणी नाही. वसंता त्याच नोकरीवर आहे. मी त्याला म्हटलं, चल, मॅजिस्ट्रेटपुढे सांग, लिहून दे. तो म्हणाला, आता काय उपयोग, मास्तर तर गेले. मी यावर पत्रक काढणार आहे. त्यात दोन्ही सूर असतील, आणि जागोजाग चुका असतील, ज्यांना आता कोणी गोल करणार नाही.

आणि तिकडे कोर्टाच्या दप्तरात तुमचं वाक्य पडून आहे. मी माझ्या डोळ्यांनी नक्कल पाहिली. 'ही हॅड रन अ‍ॅट द साहेब.' तुमची दुरुस्ती त्यांनी मान्य केली आहे, मास्तर. व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्यात आता एकही चूक नाही.